घर नंबर २९: एका निवृत्त कॅशियरचे स्पॅनिश आकडे

थारागोथा शहरात जूनमधल्या एका दुपारी किराण्याचा खोका चुकीच्या घरी गेला. नकाशावर आपण झारागोझा वाचतो ते हेच, स्पेनमधल्या आरागोनची राजधानी. खोक्यात तांदूळ, चणाडाळ आणि कणीक होती. घर २९ नंबरचं, खोका गेला ३९ला. तिथल्या रस्त्यांवर विषम नंबर एका बाजूला आणि सम दुसऱ्या बाजूला असतात, त्यामुळे दोन्ही घरं एकाच फुटपाथवर, मध्ये फक्त चार दारं. खोका आणणाऱ्याने ३९ची बेल दाबली, कुणीतरी दार उघडलं, आणि तो जिन्याखाली खोका ठेवून निघून गेला. इकडे ज्यांनी तो मागवला होता त्या काकू, माझ्या विद्यार्थिनी, तासभर बाल्कनीत उभ्या.

फोनवर त्याने विचारलं होतं, ‘के नुमेरो?’ काकूंनी सांगितलं, ‘त्रेइन्ता इ नुएवे.’ म्हणजे एकोणचाळीस. त्यांच्या स्वतःच्या कानाला ते अगदी बरोबर वाटलं होतं.

मी पुण्यात राहून ऑनलाइन स्पॅनिश शिकवते. आमचा तास आठवड्यातून तीनदा असायचा, पुण्यात रात्री साडेआठला, तेव्हा तिथे दुपारचे पाच. काकूंचं नाव मी देत नाही, बाकी सगळं त्यांच्या परवानगीने लिहीत आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बहुतेक कॅशच्या काउंटरवर. लेकीकडे राहायला गेल्या आणि तिथेच स्पॅनिश शिकायचं ठरवलं. खोका हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी तासाला बसल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, ‘अगं, चौतीस वर्षांत माझी कॅश एकदा जुळली नाही असं झालं नाही. आणि आता मला माझ्या घराचा नंबर सांगता येत नाही?’

माझं पहिलं निदान साफ चुकलं. मला वाटलं, शब्द अजून मुरले नाहीत. म्हणून मी शाळेतला उपाय सांगितला: एक ते शंभर रोज दोनदा मोठ्याने म्हणा. चार दिवसांत काकूंनी ‘उनो, दोस, त्रेस’पासून ‘थिएन’पर्यंत पाढ्यासारखं एका दमात म्हणून दाखवलं, एकही चूक नाही. लगेच मी कॅमेऱ्यासमोर कागदावर २९ लिहून धरला. काकू म्हणाल्या, ‘त्रेइन्ता इ नुएवे.’

तिथे मी थांबले. ओळीत म्हणताना २८च्या मागून २९ आपोआप येतो, मागचा शब्द पुढच्याला ओढत आणतो. पण आयुष्यात आकडा असा ओळीत येत नाही. तो घराच्या दारावर, भाजीच्या पाटीवर, दवाखान्यातल्या टोकनवर एकटाच उभा असतो. काकूंना ओळ येत होती, आकडा येत नव्हता. आम्ही शिक्षक पहिल्याच आठवड्यात ओळ म्हणून घेतो, टाळी वाजवतो आणि पुढच्या धड्याला लागतो. मीही वर्षानुवर्षं तेच करत आले होते.

मग मी १ ते ९९च्या चिठ्ठ्या केल्या, पिसल्या आणि एकेक दाखवत गेले. काकू म्हणत गेल्या, मी वहीत टिपत गेले. एकूण अकरा चुका झाल्या. त्यातल्या सहा अशा:

२९ला त्रेइन्ता इ नुएवे, म्हणजे ३९.
३९ला क्वारेन्ता इ नुएवे, म्हणजे ४९.
४९ला थिंक्वेन्ता इ नुएवे, म्हणजे ५९.
५९ला सेसेन्ता इ नुएवे, म्हणजे ६९.
६९ला सेतेन्ता इ नुएवे, म्हणजे ७९.
८९ला नोबेन्ता इ नुएवे, म्हणजे ९९.

७९पाशी त्या अडखळल्या, पण सावरल्या. १९ बरोबर. आणि ९९ तर क्षणात आला, कुठेही न अडता. हा ९९ मला कोड्यात टाकून गेला. नऊच अवघड म्हणावा तर ९९ कसा सुटला? रात्री वही बघत बसले आणि सहज आकडे मराठीत पुटपुटले. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद. आणि पुढे? नव्याण्णव. ‘एकोणशंभर’ नाहीच आपल्याकडे. नऊने संपणाऱ्या आकड्यांत, १९ सोडला तर, जिथे जिथे मराठीत ‘एकोण’ आहे तिथे तिथे काकू घसरत होत्या, जिथे नाही तिथे पाय पक्का होता.

‘एकोण’ म्हणजे एक ऊन, एकाने कमी. संस्कृतातल्या एकोनविंशतीपासून ही रीत आपल्याकडे आली. एकोणतीस हा शब्द खरं तर तीसचं नाव घेतो आणि त्यातून एक काढून घेतो. काकूंच्या मनात काय होत होतं ते आता दिसलं. डोळ्यांनी २९ पाहिला, मनात ‘एकोणतीस’ उमटलं, त्यातला ‘तीस’ कानात राहिला आणि तोंडातून ‘त्रेइन्ता’ बाहेर पडलं. मग डोळ्यांसमोर नऊ होताच, तो ‘इ नुएवे’ म्हणून मागे जोडला गेला. अर्धा आकडा मराठी शब्दातून आला, अर्धा कागदावरून. १९ वाचला कारण पहिले वीस शब्द त्यांनी एकेक सुटे पाठ केले होते, मराठीवरून बेतले नव्हते.

ही रीत काही आपलीच नाही. स्पॅनिशची आई जी लॅटिन, तिच्यात एकोणिसाला ‘उन्देविगिन्ती’ म्हणत, विसाला एक कमी. अठरासुद्धा ‘दुओदेविगिन्ती’, विसाला दोन कमी. स्पॅनिशने ती वाट सोडली आणि सरळ ‘दहा आणि नऊ’ म्हणायला सुरुवात केली: दिएथ इ नुएवे, त्याचंच आज दिएथिनुएवे झालं. काकूंना हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. चूक विसराळूपणाची नव्हती, वयाची तर नव्हतीच. त्यांच्या मराठीने आपलं काम चोख केलं होतं, फक्त ते इथे लागू नव्हतं.

उपाय मात्र वादाच्या जागेतून आला. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’साठी ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता, ते आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार मांडला होता: मुलं आकडा ज्या क्रमाने लिहितात त्याच क्रमाने त्यांना तो बोलता यावा, आणि जोडाक्षरांचा अडसर कमी व्हावा. काकू तेव्हा ठाम विरोधात होत्या. बँकेतल्या मैत्रिणींबरोबर यावर तावातावाने बोलल्याचं त्यांनीच मला सांगितलं.

मी म्हटलं, ‘काकू, तीन आठवड्यांपुरतं वीस नऊ म्हणाल का? फक्त पूल म्हणून.’ थोडा वेळ गप्प राहिल्या, मग हो म्हणाल्या. रोज वीस चिठ्ठ्या. चिठ्ठी बघायची, आधी मोठ्याने ‘तीस नऊ’ म्हणायचं, मग ‘त्रेइन्ता इ नुएवे’. ‘चाळीस सात’, मग ‘क्वारेन्ता इ सिएते’. स्पॅनिशची घडण अगदी हीच आहे, दशक आधी, मध्ये ‘आणि’ या अर्थाचा ‘इ’, शेवटी एकक. मराठीत सत्तेचाळीसमध्ये सात आधी येतो आणि चाळीस मागून, शिवाय दोन्ही एकमेकांत इतके विरघळलेले असतात की सुटे करता येत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात काकू ‘तीस नऊ’ मनातल्या मनात म्हणू लागल्या, तिसऱ्यात तेही गळून गेलं.

यावरून कुणी असं समजू नये की मी आपल्या मुलांनी एकोणतीस विसरावा या मताची आहे. मला ‘एकोण’ शब्द फार आवडतात, त्यांत हिशेबाची एक जुनी नजर जपलेली आहे. काकूंचंही मत बदललेलं नाही, नातीला त्या सत्तावीसच शिकवतात. पण परकी भाषा शिकणाऱ्या मोठ्या माणसाला चार दिवस टेकू म्हणून ‘वीस सात’ फार उपयोगी पडतो. मराठी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो वापरून पाहावा असं मला मनापासून वाटतं.

बोलणं सुधारलं, तरी ऐकणं राहिलंच होतं. अकरातल्या उरलेल्या पाच चुकांपैकी तीन ६० आणि ७०च्या होत्या, सेसेन्ता आणि सेतेन्ता. स्पेनमध्ये ही जोडी टाळता येत नाही. तिथले मोबाइल नंबर नऊ आकडी असतात, सुरुवात ६ किंवा ७ने होते, आणि लोक ते आपल्यासारखे एकेक आकडा सुटा करून क्वचितच सांगतात. पहिले तीन एकत्र, मग दोन-दोनच्या जोड्या: ‘सेइसथिएन्तोस दोथे, त्रेइन्ता इ क्वात्रो…’ आपल्याला ‘नऊ आठ दोन शून्य’ असं टिपायची सवय. सहाशे बारा लिहून होईपर्यंत पुढची जोडी निघून गेलेली असते. त्यात उच्चाराची भर. काकूंनी सुरुवात केली होती लॅटिन अमेरिकन आवाजातल्या ध्वनिफितींवर, तिथे पाचाला ‘सिंको’ म्हणतात. थारागोथात तोच ‘थिंको’, जीभ दातांना लावून. आणि तिथला ‘स’ आपल्या कानाला जवळजवळ ‘श’ लागतो, त्यामुळे साठ ऐकू येतो ‘शेशेन्ता’.

इथे मराठीच कामाला आली. सात-सिएते, आठ-ओचो, नऊ-नुएवे हे सगळे एकाच मोठ्या कुळातले शब्द, सप्त, अष्ट आणि नव यांचे लांबचे भाऊ. काकूंना मी म्हटलं, सत्तर या शब्दात किती त आहेत? दोन. सेतेन्ता? त्यातही दोन. सेसेन्तामध्ये मधोमध स, आपल्या साठातला. तेव्हापासून त्या सेतेन्ता ऐकला की पेन उचलण्याआधी ओठांनी ‘सत्तर’ असं करतात.

सरावाला आम्ही थारागोथाचाच नंबर घेतला. तिथल्या लँडलाइनचा नंबर बहुधा ९७६ने सुरू होतो: नोबेथिएन्तोस सेतेन्ता इ सेइस. या एका आकड्यात सगळे काटे आहेत. नऊ ‘नुएवे’ असला तरी नऊशे ‘नोबेथिएन्तोस’, जसे सातशे ‘सेतेथिएन्तोस’ आणि पाचशे तर एकदम ‘किनिएन्तोस’. मग सत्तर, मग सहा. हे लिहून देताना मला एक वेगळाच ९७६ आठवला. इसवी सन ९७६मध्ये ला रिओहा भागातल्या आल्बेल्दाच्या मठात एक हस्तलिखित पूर्ण झालं, कोदेक्स विखिलानुस. युरोपात भारतीय-अरबी अंक लिहिलेलं आज माहीत असलेलं सर्वांत जुनं हस्तलिखित तेच. त्यात १ ते ९ आहेत, शून्य नाही, आणि ही रीत भारतीयांच्या सूक्ष्म बुद्धीची असल्याचं लिहिणाऱ्याने तिथेच नोंदवलं आहे. आज ते माद्रिदजवळच्या एल एस्कोरियालच्या ग्रंथालयात आहे. काकूंनी हे ऐकून वहीत ९७६ मोठा लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली. तो आकडा त्या पुन्हा कधी चुकल्या नाहीत.

बाजारात त्यांना वेगळाच आनंद मिळाला. चीजच्या काउंटरवर पुढची बाई म्हणाली, ‘क्वार्तो इ मिताद.’ काकूंनी घरी येऊन मला मेसेज केला, हे काय वजन? पाव किलो आणि त्या पावाचा अर्धा, म्हणजे ३७५ ग्रॅम. माझं उत्तर पोचायच्या आत त्यांचा दुसरा मेसेज आला: ‘म्हणजे दीडपाव!’ माझी शिकवणी चालू झाल्यापासून इतकं जलद उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. अर्धा किलो ‘मेदिओ किलो’, पाऊण किलो ‘त्रेस क्वार्तोस’. फक्त क्वात्रो आणि क्वार्तो यांची गल्लत होऊ द्यायची नाही. पहिला म्हणजे चार, दुसरा म्हणजे पाव, चौथा आणि शिवाय खोलीसुद्धा. काकूंचं घर चौथ्या मजल्यावर, म्हणून पत्ता सांगताना ‘क्वार्तो’च हवा.

घड्याळातही त्या माझ्यापुढे गेल्या. पावणेदोनला स्पॅनिशमध्ये ‘लास दोस मेनोस क्वार्तो’ म्हणतात, दोनला पाव कमी. दोन पन्नास म्हणजे तीनला दहा कमी. आकड्यांत सोडून दिलेली वजाबाकी स्पॅनिशने घड्याळात सांभाळली आहे. इंग्रजीतून ‘वन फॉर्टीफाइव्ह’ म्हणायची सवय लागलेल्या माझ्या तरुण विद्यार्थ्यांना हे उलटं वाटतं. पावणे-सव्वा-साडे ज्यांच्या तोंडात आहे त्यांना नाही.

लिहिण्याकडे आम्ही शेवटी वळलो, आणि तिथे काकूंच्या आतली कॅशियर जागी झाली. मी म्हटलं, चेक लिहितो तसं लिहू या, अक्षरी. ‘अक्षरी रुपये’ हे दोन शब्द ऐकताच त्या सरळ होऊन बसल्या. अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी निघाली तर अक्षरी खरी, हे आपल्या १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये आहे. काकूंना कलमही आठवत होतं, अठरावं. प्रत्यक्षात काउंटरवरून असा चेक परतच जातो, हेही त्यांनी सांगितलं. स्पेनच्या १९८५च्या चेक कायद्यातही नियम तोच, अक्षरी रक्कम धरायची. तेव्हा अक्षरांत चूक चालणारच नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

नियम तसे थोडे आहेत. २९पर्यंत आकडा एका शब्दात, ३१पासून तीन सुट्या शब्दांत. स्पॅनिश भाषेच्या अकादमीला आता ३१नंतरचे जोडून लिहिलेलेही चालतात, पण लोक सुटेच लिहितात. एकट्या ‘दोस’वर आघाताची खूण नाही, पण ‘बेइन्तिदोस’ लिहिताना शेवटच्या स्वरावर ती हवी, कारण शब्द लांबला, आघात शेवटी आला आणि शेवटी स आहे. दिएथिसेइस, बेइन्तित्रेस, बेइन्तिसेइस यांचंही तसंच. नुसते शंभर ‘थिएन’, पण एकशे एक ‘थिएन्तो उनो’. हजाराच्या आधी एक लावायचा नाही, नुसतं ‘मिल’. दोनशे युरो ‘दोसथिएन्तोस’, पण दोनशे स्त्रीलिंगी वस्तू असल्या की ‘दोसथिएन्तास’.

खरी गाठ पडली ती टिंबाशी. लेकीच्या घरभाड्याच्या कागदावर १.२५० असं छापलं होतं. काकूंनी वाचलं, ‘सव्वा?’ स्पेनमध्ये हजार वेगळे करायला बहुधा टिंब देतात आणि दशांशाला स्वल्पविराम, त्यामुळे ते होते बाराशे पन्नास. सव्वा युरो असता तर १,२५ लिहिलं असतं. अकादमी आता चारपेक्षा जास्त आकडी संख्येत टिंबाऐवजी नुसती मोकळी जागा सोडायला सांगते, पण पावत्यांवर टिंबच दिसतं. मेक्सिकोत दशांशाला आपल्यासारखंच टिंब. लाख-कोटी तर स्पॅनिशमध्ये नाहीतच. लाख म्हणजे ‘थिएन मिल’, शंभर हजार, आणि दहा लाखांना ‘मिल्योन’. काकूंनी वहीत दोन रकाने पाडले, डावीकडे आपले स्वल्पविराम, उजवीकडे त्यांची टिंबं, आणि चलन भरल्यासारखे पंचवीस आकडे दोन्हीकडे लिहून काढले.

एक गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नसती. शेजारच्या बाईंना काकूंनी चिठ्ठी दिली होती, बाजारातून ४ लिंबं आणायची. आली आठ. काकू सवयीने देवनागरी ४ लिहितात आणि स्पॅनिश डोळ्याला तो ८साठीच्या त्यांच्या अंकासारखा दिसतो, तसाच आपला १ त्यांच्या नऊसारखा. तेव्हापासून बाहेरच्यांसाठीच्या चिठ्ठीत त्या तिथल्यासारखे अंक काढतात, एकाला पुढे तिरकी शेंडी, साताच्या कमरेला आडवी रेघ.

अकराव्या आठवड्यात मी त्याच चिठ्ठ्या पुन्हा पिसल्या. नव्याण्णवांत दोन चुका झाल्या, दोन्ही सेसेन्ता-सेतेन्ताच्या. ‘एकोण’वाल्या सातही चिठ्ठ्या न अडखळता गेल्या. ऐकून टिपण्यात त्या अजून मागे आहेत, पूर्ण फोन नंबर दुसऱ्यांदा सांगावा लागतो. ‘ओत्रा बेथ, पोर फावोर’, पुन्हा एकदा सांगा, हे म्हणायला आता त्यांना संकोच वाटत नाही. त्या आठवड्यात तांदळाचा खोका पुन्हा आला. फोन वाजला तेव्हा आमचा तास चालू होता, म्हणून मला ऐकू आलं: ‘बेइन्तिनुएवे. क्वार्तो बे.’ चौथा मजला, ब. दहा मिनिटांनी बेल वाजली.

पैसे मोजायचे झाले की काकू अजून मराठीतच मोजतात. नोटांची थप्पी डाव्या हातात, अंगठा चालू, ओठ हलत असतात: अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. ते बदलायला मी गेले नाही.